‘वाचलेले १० टक्के, केलेले ९० टक्के’ हा हिशेब आला कोठून?

जळगाव-धुळ्याकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. वाचलेले १० टक्के, ऐकलेले २० टक्के आणि करून पाहिलेले ९० टक्के लक्षात राहते. प्रत्येक मूल डोळ्याने, कानाने किंवा हाताने शिकणारे असते. म्हणून पाठांतर आणि चाचण्या बंद कराव्यात, असे त्यात म्हटले आहे.

आधी आकड्यांचे पाहू. ते अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर खपवले जातात. डेल यांनी १९४६ मध्ये ‘अनुभवांचा शंकू’, म्हणजे थेट करून पाहण्यापासून नुसत्या शब्दांपर्यंतच्या अनुभवांची उतरंड दाखवणारी आकृती, मांडली हे खरे, परंतु त्यात एकही टक्केवारी नव्हती. ती मागाहून चिकटवली गेली. शिवाय काय शिकवले आणि किती दिवसांनी विचारले, हे सांगितल्याशिवाय ‘इतके टक्के लक्षात राहते’ या विधानाला अर्थच उरत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून, ठरावीक काळाने स्वतःचीच परीक्षा घेत १८८५ मध्ये विस्मरणाचा जो आलेख मांडला, त्यात विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांतच सर्वाधिक दिसतो. आणि ऐकलेले २० टक्केच उरत असते, तर श्रावणात कानबाई या खानदेशी देवीची अहिराणी गाणी म्हणणाऱ्या आमच्या आज्यांना, ज्यांनी ती कोठेही वाचलेली नाहीत, दुसरे कडवे तरी आठवले असते का?

डोळा-कान-हात ही विभागणी पटण्याजोगी वाटते, कारण आवडीनिवडी खरोखर असतात. मात्र आवडीच्या पद्धतीने शिकवल्यास मूल अधिक शिकते, याचा भक्कम पुरावा मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांना २००८ च्या संशोधन-आढाव्यात सापडला नाही. पद्धत मुलावरून नव्हे, विषयावरून ठरते. तापीला गिरणा आणि पांझरा कोठे मिळतात, हे समजायला साऱ्या वर्गाला नकाशाच लागतो. अहिराणीचा हेल कळायला साऱ्यांना कानच लागतो.

सर्वांत घातक सल्ला चाचण्या बंद करण्याचा आहे. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, तर काहींनी एकदा वाचून नंतर तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के, तर वाचणाऱ्यांना ४२ टक्के मजकूर आठवला. आज्यांची गाणी टिकतात तीही दरवर्षी वही न पाहता पुन्हा म्हटल्यामुळेच, असे मला वाटते. अर्थ न कळता घोकण्यावरचा संदेशातला राग रास्त आहे. पण गुणांच्या धास्तीविना घेतलेली पाच प्रश्नांची चाचणी म्हणजे घोकंपट्टी नव्हे.

राहिला ‘हाताने शिकण्याचा’ मुद्दा. केळीच्या बागेत ठिबकची नळी जोडणे वाचून येत नाही, हे रावेरचा कोणीही शेतकरी सांगेल. ते कौशल्यच हाताचे आहे. इतिहासातल्या सनावळ्यांचे तसे नाही.