वेडाचं सर्टिफिकेट आणि खुनाचा खटला

खुनाच्या गाजलेल्या प्रकरणात आरोपीच्या वकिलाने 'माझा अशील मनोरुग्ण आहे' असं म्हटलं, की एक मजकूर हटकून फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच असतात. मनोरुग्ण असल्याचं सर्टिफिकेट आणलं की खून माफ. डॉक्टरने लिहून दिलं की न्यायाधीशाचे हात बांधले जातात. आरोपी भानावर होता हे सिद्ध करायचं ओझं पोलिसांवर. आणि सुटला की थेट घरी. यातले तीन मुद्दे साफ चुकीचे आहेत आणि एक अर्धवट खरा आहे.

'सर्टिफिकेट आणलं की खून माफ'

भारतीय न्याय संहितेचं कलम 22 बघा. 1 जुलै 2024 च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना दंड संहितेचं जुनं कलम 84 लागतं. दोन्हींचा गाभा एकच. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे, म्हणजे मन ठिकाणावर नसल्यामुळे, आपण काय करतोय हेच कळण्याची, किंवा आपण करतोय ते चुकीचं वा बेकायदा आहे हे कळण्याची क्षमता नसेल, तर तो गुन्हा ठरत नाही. कलमात एकाही आजाराचं नाव नाही. स्किझोफ्रेनिया आहे, बायपोलर आहे, दहा वर्षं गोळ्या चालू आहेत, यातलं काहीही एकट्याने पुरत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 च्या कलम 3 मध्ये तर स्पष्टच लिहिलंय, की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कुणाला मनोविकल धरता येत नाही. ते सक्षम न्यायालयाने ठरवायचं असतं. म्हणजे ज्या कायद्याच्या नावाने ओरड होते, तोच सर्टिफिकेटची वाट अडवून बसलाय.

खरा घोटाळा 'करतेवेळी' या अटीपाशी होतो. खुनाच्या खटल्यात आरोपीच्या मनाचा प्रश्न तीन वेगवेगळ्या वेळी येतो आणि बातम्यांत तिन्हींची खिचडी होते.

पहिली वेळ घटनेची. इथेच कलम 22 लागतं आणि इथेच निर्दोष मुक्तता शक्य असते.

दुसरी वेळ खटल्याची. समोर काय चाललंय हे आरोपीला समजत नसेल, वकिलाला सूचना देता येत नसतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटला कसा चालवायचा हे सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम 367 आणि 368 खाली कामकाज थांबतं. तपासणीसाठी त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं जातं. पण ही सुटका नव्हे. बरा झाला की खटला पुन्हा सुरू होतो, अगदी काही वर्षांनीसुद्धा. 'मनोरुग्ण असल्याने खटला स्थगित' ही बातमी 'मनोरुग्ण म्हणून सुटला' अशी पुढे सरकते, ती इथूनच.

तिसरी वेळ शिक्षेची. दोन अल्पवयीन मुलींवरील बलात्कार आणि खुनाच्या महाराष्ट्रातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये फाशी रद्द केली. शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजार त्यासाठी विचारात घेतला गेला. दोषसिद्धी मात्र कायम राहिली आणि निकालानुसार उरलेलं आयुष्य तुरुंगातच. माफी म्हणायचं झालं तर ती फासाची होती, खुनाची नव्हे.

आता पहिल्या वेळेकडे परत. त्या काही मिनिटांत आरोपीच्या डोक्यात काय होतं हे कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून न्यायालय आधीचं, त्या वेळचं आणि नंतरचं वागणं जोडून बघतं. महाराष्ट्रातलीच दोन प्रकरणं शेजारी ठेवली की फरक कळतो. 1972 च्या निकालात पत्नी आणि अपत्याच्या खुनाचा आरोप होता. खून का केला याचं कारण सिद्ध झालं नव्हतं, दार फोडल्यावर आरोपी पळालाही नव्हता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, एवढ्यावरून तो मनोविकल होता असं म्हणता येत नाही. शिक्षा कायम. 2002 च्या निकालातला आरोपी पोलिस कॉन्स्टेबल. एप्रिल 1994 मध्ये सकाळी नवरा-बायकोचं भांडण झालं आणि त्याने वाटणाचा दगड बायकोच्या डोक्यात घातला. पळणं इथेही नाही आणि खुनाचं कारण किरकोळ: तो नोकरी सोडू पाहत होता, तिचा विरोध होता. पण याच्यामागे कागद होते. वडिलांना मानसिक आजार, 1992 पासून स्वतःवर उपचार, पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं निदान, आणि घटनेनंतर जून ते डिसेंबरदरम्यान 25 वेळा उपचारांसाठी रुग्णालयात न्यावं लागल्याची नोंद. हे सगळं एका रांगेत लागलं म्हणून तो सुटला. रागाच्या भरात झालं, स्वतःला आवरता आलं नाही, हा बचाव मात्र कलम 22 मध्ये बसतच नाही. आवरता न येणं आणि न कळणं यांत आपला कायदा फरक करतो. तो फरक वैद्यकीयदृष्ट्या जुनाट आहे अशी टीका होते आणि ती रास्तही आहे, पण लागू कायदा आज तोच आहे.

भ्रमाचंही तसंच. या बचावाची मुळं इंग्लंडमधल्या 1843 च्या मॅकनॉटन नियमांत आहेत. समोरचा आत्ता मला ठार मारतोय अशा भ्रमात कुणी स्वसंरक्षण म्हणून मारलं, तर भ्रम खरा धरून विचार करायचा. पण समोरच्याने माझी बदनामी केली असा भ्रम असेल आणि सूड म्हणून मारलं, तर आजारी असूनही जबाबदारी सुटत नाही. खरीखुरी बदनामी झाली असती तरी मारायची परवानगी नव्हतीच की.

'डॉक्टरने लिहून दिलं की न्यायाधीशाचे हात बांधलेले'

डॉक्टरचं मत हा पुरावा असतो, निकाल नसतो. आणि हा पुरावा बहुतेकदा एकाच जागी ढासळतो: तपासणीची तारीख. अटकेनंतर तीन महिन्यांनी तपासलेला डॉक्टर साक्षीला उभा राहतो, 'सायकोसिस आहे', म्हणजे वास्तवाचं भान सुटलंय, असं म्हणतो, आणि उलटतपासणीत सरकारी वकील एवढंच विचारतात, 'घटनेच्या दिवशीची स्थिती तुम्ही सांगू शकता का?' उत्तर 'नाही' येतं आणि बचावातली हवा जाते.

म्हणून अनुभवी वकील सर्टिफिकेटच्या मागे लागत नाहीत. घटनेच्या आधीचे ओपीडी केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिलं, कामाच्या ठिकाणी घेतलेल्या आजारपणाच्या रजा. मग अटकेच्या वेळची वैद्यकीय तपासणी, पहिल्या रिमांडच्या दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर तो कसा वागला याची नोंद, तुरुंगातल्या दवाखान्याचं रजिस्टर. शेजाऱ्यांची साक्षही उपयोगी पडते, पण 'तो वेडसर होता' असं मोघम बोलून नव्हे. त्या आठवड्यात झोपत होता का, खात होता का, कुणाशी बोलत होता, हे नेमकं हवं. उलट हत्यार आधी आणून ठेवणं, रक्ताचे कपडे धुणं, दुसऱ्यावर आळ घेणं ही वागणूक बचावाच्या विरोधात जाते, कारण त्यातून 'हे चूक आहे' याची जाण दिसते.

रिपोर्ट आरोपीला मान्य नसेल तर त्यालाही वाट आहे. कलम 367 खालच्या तपासणीच्या निष्कर्षावर त्याला वैद्यकीय मंडळाकडे अपील करता येतं. त्या मंडळावर जवळच्या सरकारी रुग्णालयाचे मनोविकार विभागप्रमुख आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातले मनोविकारशास्त्राचे अध्यापक असतात.

उच्च न्यायालयांच्या दहा वर्षांतल्या अशा 102 निकालांचा एक भारतीय अभ्यास आहे. त्यांत हा बचाव पूर्णपणे टिकला 18 प्रकरणांत. पैसे फेकून सर्टिफिकेट आणलं की सुटका, असं असतं तर हा आकडा एवढा कमी नसता.

'भानावर होता हे पोलिसांनी सिद्ध करायचं'

अर्धवट खरा मुद्दा हा. कायदा गृहीत धरतो की प्रत्येक माणूस भानावर असतो. अपवाद हवा असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम 108 नुसार, म्हणजे जुन्या कलम 105 नुसार, तो आरोपीने दाखवायचा. पण किती? 1964 च्या दह्याभाई ठक्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलंय: दिवाणी दाव्यात लागतो तेवढाच, म्हणजे संभाव्यतेचं पारडं आपल्या बाजूला झुकेल इतका पुरावा पुरे. आणि तेवढंही जमलं नाही, पण आलेल्या पुराव्याने हेतूबद्दलच रास्त संशय उभा राहिला, तरी फायदा आरोपीला. कारण खुनाचा हेतू सिद्ध करणं हे सरकार पक्षाचं काम शेवटपर्यंत त्याच्याकडेच राहतं. गोव्यातल्या एका प्रकरणात 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच सूत्रं लावून आरोपीला सोडलं.

पोलिसांवर एक वेगळं ओझं मात्र खरंच आहे. तपासात आरोपीच्या जुन्या मानसिक आजाराची माहिती मिळाली, तर त्याची वैद्यकीय तपासणी करून तो पुरावा न्यायालयापुढे ठेवायचा. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये राजस्थानच्या प्रकरणात बजावलंय, की हे टाळलं तर तो सरकार पक्षाच्या केसमधला गंभीर दोष ठरतो आणि संशयाचा फायदा आरोपीला जातो. फाइलीतला केस पेपर दडपून केस मजबूत होते असं ज्या तपास अधिकाऱ्याला वाटतं, तो आपल्याच हाताने आरोपी सोडवत असतो.

दारूचा मुद्दा चटकन संपतो. स्वतःहून प्यायलेल्याला हा बचाव नाही. न्याय संहितेच्या कलम 23 ची सूट नकळत किंवा बळजबरीने नशा दिली गेली असेल तरच.

'सुटला की थेट घरी'

मनोविकलतेमुळे निर्दोष सोडताना न्यायालयाला निकालात लिहावं लागतं की हे कृत्य आरोपीने केलं की नाही (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 373). केलं असेल तर कलम 374 येतं आणि पर्याय दोनच उरतात. एक, सुरक्षित ताबा, बहुधा मनोरुग्णालयात. महाराष्ट्रात अशी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. दोन, नातेवाईक किंवा मित्राच्या हवाली. पण त्यासाठी त्या नातेवाइकाने स्वतः अर्ज करायचा, जामीन-तारण द्यायचं, तो स्वतःला किंवा इतरांना इजा करणार नाही याची हमी घ्यायची आणि सांगितलं त्या वेळी त्याला तपासणीसाठी हजर करायचं.

ज्याच्या नावाचे नियम आपण आजही वापरतो, तो मॅकनॉटन पंतप्रधानांच्या सचिवाच्या खुनातून निर्दोष सुटला आणि पुढची 22 वर्षं, मरेपर्यंत, कोंडलेलाच राहिला. आपल्याकडे मुदत ठरलेली नसते. जन्मठेपेच्या कैद्याला निदान शिक्षेतल्या सवलतीचा हिशेब मांडता येतो. इथे सुटका अवलंबून असते 'आता धोका नाही' या प्रमाणपत्रावर आणि त्यानंतर होणाऱ्या सरकारी आदेशावर. नातेवाइकांचा अर्जही आला तर येतो. अशा प्रकरणांत खून पुष्कळदा घरातच झालेला असतो, आणि अर्ज करायचा तोही त्याच घराने.