नऊपैकी सहा

परवा मी नापास झालो. आतडं स्वच्छ करून येण्याच्या परीक्षेत. कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीच्या, रिपोर्टवर बॉस्टन स्केलचे गुण छापून येतात. मोठ्या आतड्याचे तीन भाग, प्रत्येकाला ० ते ३. मला डावीकडे ३, मधे २ आणि उजवीकडे १. नऊपैकी सहा, म्हणजे शाळेच्या हिशेबानं फर्स्ट क्लास. पण इथे प्रत्येक विषयात किमान २ लागतात. उजवी बाजू राहिली. वर्षाच्या आत पुन्हा बसा.

राग अशासाठी, की गेली वीस वर्षं मी याच दुर्बिणी दुरुस्त करतोय. टोक वर-खाली १८० आणि डावी-उजवीकडे १६० अंश वळतंय का, लीक टेस्टला बुडबुडा येतोय का, ३.७ मिलिमीटरच्या सक्शन चॅनलमध्ये, म्हणजे घाण ओढून घेणाऱ्या नळीत, काय तुंबलंय, हे बघण्यात हयात गेली. तुंबलेलं बऱ्याचदा बी असतं. टोमॅटोचं, पेरूचं, तिळाचं. बी पचत नाही, पोट साफ करायच्या पावडरीनं विरघळत नाही, म्हणून दोन-तीन दिवस आधीपासून बंद. हे प्रवचन मी अनेकांना दिलंय. माझी तारीख होती १५ जानेवारी. १३ ला भोगी.

तीळ लावलेली बाजरीची भाकरी. वांगी, पावटा, ओला हरभरा, गाजर, शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी. मनाईची अख्खी यादी एका कढईत. हिनं विचारलंसुद्धा, "अहो, चालेल ना हे तुम्हाला?" म्हटलं, दोन लिटर पावडरीपुढे भाकरी काय टिकते?

पावडर लिंबाच्या चवीची असते. लिंबू जवळून गेलं असावं. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास. अर्धी आदल्या संध्याकाळी, अर्धी पहाटे, आणि शेवटचा घोट तपासणीच्या दोन तास आधी. पहाटेचा हप्ता महत्त्वाचा, कारण रात्रभरात लहान आतड्यातून पित्त आणि चिकट पाणी उतरून नेमकं उजव्या बाजूला साठतं. ते मला माहीत होतं. तरी पहाटेचे शेवटचे दोन ग्लास मी बेसिनला पाजले.

"काका, मोशन पाण्यासारखं झालं का?" सिस्टरनं भर वेटिंगमध्ये विचारलं. मी मान हलवली. "रंग कसा होता?" समोरच्या बाईंनी मासिक वर घेतलं. "पिवळसर," मी पुटपुटलो.

"माझं तर गोमूत्रासारखं!" शेजारून गर्जना झाली.

हे गृहस्थ एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. भोर-महाड, वरंधा घाट, तीस वर्षं. अंगात माझ्यासारखाच मागून नाड्यांचा गाऊन आणि मागे खिडकी असलेली निळी पँट, पण ती त्यांनी युनिफॉर्मच्या ऐटीत घातली होती. हाताला सुई टोचलेली, तोच हात नाचवत विचारलं, "साहेब, तुम्ही हीच यंत्रं बघता म्हणे? मग आतली गाठ नजरेतून सुटते कशी? कॅमेरा हाय ना?"

मी खुशीत आलो. सांगितलं की आतडं सरळ पाइप नसतो, आत घड्या असतात. कॅमेरा पुढे बघतो, १४० ते १७० अंश. पॉलिप, म्हणजे ती गाठ, घडीच्या पाठीमागे असला की दिसत नाही. म्हणून दुर्बीण शेवटापर्यंत नेऊन परत काढताना, घडी घडी बाजूला करत बघायचं. त्याला निदान सहा मिनिटं तरी द्यायचीच.

"म्हणजे आंधळं वळण," ते म्हणाले. "हॉर्न मारत न्हाईत का?"

"पॉलिप हॉर्नला उत्तर देत नाही."

"मग गोल आरसा लावा की वळणावर!"

तेही करून झालंय, मी म्हटलं. एक कॅमेरा समोर आणि दोन कडेला, असे ३३० अंश दाखवणारी दुर्बीण आली होती. २०१४ साली एका चाचणीत तिच्याकडून ७ टक्के गाठी सुटल्या आणि साध्या दुर्बिणीकडून ४१ टक्के. समोर तीन पडदे लागायचे.

"तीन आरसे. आणि ड्रायव्हर?"

"एकच."

ते इतके हसले की गाऊनची वरची नाडी सुटली. "आवं, गोल आरशात एसटी पण रिक्षाएवढी दिसती! पोरगा शिकाऊ असला तर त्याला वाटतं, लांब हाय, घाल पुढं."

राग आला, कारण मुद्दा चुकीचा नव्हता. नजर रुंदावली की कडेची चित्रं बारीक आणि वाकडी होतात, आणि बघणारे डोळे तेच दोन राहतात. पुढे इटलीत, शौचाच्या चाचणीत रक्त सापडलेल्या लोकांवर तीच दुर्बीण वापरून बघितली, तर साध्या दुर्बिणीपेक्षा म्हणावा असा फरक दिसेना. आता एआयचा गाजावाजा आहे. पडद्यावर संशयित जागेभोवती चौकोन काढतो. घडीमागचं जे पडद्यावर आलंच नाही, त्याभोवती काय काढणार? त्यापेक्षा टोकाला मऊ रबरी बोटांची टोपी चढवली, की परत येताना ती घड्या सपाट करत येते. स्वस्त आणि बिनडोक. मी दुरुस्तीवाला असून सांगतो, मला त्या टोपीतच जास्त राम वाटतो. पण टोपीचं प्रदर्शन भरवून जेवण कोण देणार!

एवढ्यात त्यांना हाक आली. जाताना वळून म्हणाले, "काल निस्ता भात आन् ताक. सणाला बायको रडली, पण म्हटलं न्हाई म्हंजी न्हाई."

माझ्या पाळीला पुढचं काही आठवत नाही, झोपेचं औषध उत्तम होतं. जागा झालो तेव्हा डॉक्टर शेजारी उभे होते. "तुमच्या तिळांनी सक्शन दोनदा चोक केलं." ओशाळून म्हटलं, ३३० अंशवाली असती तर? "तीन पडद्यांवर तीळ बघितले असते." नर्स हसली. त्या स्कोपचं चॅनल साफ करायला अर्थात मलाच फोन येणार.

पलीकडच्या खाटेवरून ड्रायव्हरसाहेब मुलाला फोनवर ओरडून सांगत होते, "नवापैकी नऊ!" मग माझ्याकडे वळून, आवाज न उतरवता, "तुमचं किती?"

मी झोपेचं सोंग घेतलं.

निघताना काउंटरवरच्या मुलीनं कॅलेंडर उलटलं. "काका, पुढच्या वर्षी १३ जानेवारी चालेल?"