उत्क्रांती शिकली म्हणून देवघर बंद करावं लागत नाही

कळव्यापासून घोडबंदर रोडपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरू लागला आहे. माझ्याकडे तो पालकांकडून आला. काहींनी "मॅडम, यावर तुमचं मत काय?" असं विचारून पाठवला, काहींनी नुसताच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डार्विनचा सिद्धान्त खोटा ठरला म्हणून सरकारने तो पुस्तकातून काढला. माणूस माकडापासून झाला असेल तर माकडं आजही कशी आहेत? एका प्राण्याचा दुसरा झालेला कुणी पाहिला नाही, मधला दुवाही सापडला नाही. खुद्द डार्विनने मरताना माघार घेतली. खरी उत्क्रांती आपल्या दशावतारात आहे. आणि शेवटी, ठळक अक्षरांत: आपली मुलं माकडाची औलाद की ईश्वराची लेकरं, हे आईबापांनी ठरवावं.

मी ठाण्यात दहावीला विज्ञान शिकवते. घरी रोज पूजा होते, गणपती पाच दिवसांचा असतो, आषाढीचा उपास चुकत नाही. त्यामुळे ते शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. त्याच्याकडे येतेच, पण आधी बाकीचं.

पुस्तकातून काढल्याचा मुद्दा तपासायला सोपा आहे. कोविडनंतर मुलांवरचा ताण कमी करायचा म्हणून सीबीएसईची पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने २०२२ मध्ये अनेक पाठ छाटले. त्यात दहावीच्या धड्यातला उत्क्रांतीचा भाग गेला. कारण दिलं ते ताणाचं. एप्रिल २०२३ मध्ये १८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून तो भाग परत आणा अशी मागणी केली. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचा पाठ राहिला आहे, मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या अभ्यासक्रमातही आहे. आणि आपल्या राज्य मंडळाचं म्हणाल, तर बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. मेसेज वाचून हा धडा ऑप्शनला टाकणाऱ्या मुलाचं नुकसान कोण भरून देणार?

आता माकडं. आपण माकडांपासून झालो असं उत्क्रांतीशास्त्र म्हणतच नाही. आज झाडावर दिसणारं माकड आणि आपण यांचे पूर्वज एक होते, पुढे वाटा फुटल्या, एवढंच ते सांगतं. आपला आणि चिंपांझीचा समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा. चुलतभाऊ जिवंत आहे म्हणून आपण एका आजोबांचे नातू नाही, असं कुणी म्हणत नाही.

याचं एक उदाहरण आपल्या खाडीतच आहे. ठाणे खाडीचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. ऐरोलीहून होडीत बसून किंवा नेरूळच्या पाणथळींच्या काठावरून रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, पाहिले नाहीत असा माणूस इथे सापडणं कठीण. लांब पाय, लांब मान, चोच उलटी करून चिखलपाणी गाळणारा. आता तलावातली टिबुकली आठवा. मुठीएवढी, तपकिरी, मान आखूड. आपण बघेपर्यंत बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. या दोघांत काही नातं असेल असं दिसण्यावरून कुणाच्या मनातही येणार नाही. रोहिताला कुणी बगळ्या-करकोच्यांजवळ ठेवलं, कुणी बदकांजवळ. या शतकाच्या सुरुवातीला जनुकं तपासली, तेव्हा रोहिताची सगळ्यात जवळची नातलग टिबुकलीच्या कुळातली निघाली. मग इतर खुणाही जुळल्या. दोघांच्या अंड्यांच्या कवचावर खडूसारखा थर असतो, आणि दोघांच्या पिसांत राहणाऱ्या उवासुद्धा एकमेकींच्या जवळच्या आहेत. टिबुकलीचा रोहित झाला नाही, रोहिताची टिबुकली झाली नाही. दोघी एका जुन्या पूर्वजापासून आल्या आणि दोघी आज इथे, आपल्या गावात, एकाच वेळी नांदतात. 'मग माकडं का आहेत' या प्रश्नाचं उत्तर मी वर्गात असंच देते, आणि मुलांना ते लगेच पटतं.

'कुणी पाहिलं नाही' हा मुद्दा मेसेजवाल्याने नव्याने काढलेला नाही. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत नेमकं हेच म्हटलं होतं. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून ते खोडलं आणि त्यांच्याच खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी अशी विधानं टाळायला सांगितलं. मेसेजमध्ये पहिला भाग उरला, पुढचा गळला.

पण उत्तर अकादमींच्या नावावर देऊन भागणार नाही. लहान प्रमाणात होणारी उत्क्रांती आपण रोज पाहतो. करोनाचे व्हेरियंट एकामागून एक आले, महाराष्ट्रातला ओमिक्रॉनचा पहिला रुग्ण तर डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, डोंबिवलीत सापडला. टीबीचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. रुग्णाच्या फुप्फुसात कोट्यवधी जंतू असतात. त्यांची नक्कल होताना चुका होतात आणि एखाद्या चुकीमुळे एखाद्या जंतूवर रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध चालेनासं होतं. ते एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात, हा उरतो, आणि पुढची सगळी पिलावळ त्याची. म्हणून पहिले दोन महिने चार औषधं एकत्र देतात: एकाला चकवणारा जंतू दुसऱ्याला सापडावा. बरं वाटलं तरी गोळ्या मधेच सोडू नका, असं डॉक्टर कळकळीने सांगतात त्यामागे हेच आहे. वस्तीतल्या टीबीच्या रुग्णाचा जीव वाचवणारं हे गणित उत्क्रांतीच्या सिद्धान्तावर उभं आहे.

यावर कुणी म्हणेल, पण जंतू जंतूच राहिला ना? रास्त प्रश्न आहे. मोठ्या बदलांना लाखो वर्षं लागतात, ते डोळ्यांदेखत होणार नाहीत. त्यांचा पुरावा दगडात आणि जनुकांत शोधावा लागतो, आणि तिथे तो मुबलक आहे.

मासा पाण्यातून जमिनीवर आला कसा, हेच घ्या. अर्धा पंख, अर्धा पाय काय कामाचा, असं मेसेजमध्ये विचारलं आहे. ओहोटीच्या वेळी विटाव्याकडे किंवा ऐरोलीला खारफुटीच्या कडेला जाऊन चिखल पाहा. निवट्या दिसतील. खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांना त्या नव्याने सांगायला नकोत. निवटी हा मासाच आहे, पण चिखलावर पुढच्या परांच्या टेकूने सरपटते, उड्या मारते, डोळे डोक्यावर ठेवून चौफेर बघते. ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या ओल्या अस्तरातून श्वास घेते, आणि कुणी जवळ आलं की बिळात गडप होते. निवटी आपली पूर्वज नाही, ती गोबी माशांच्या कुळातली आहे. पण अर्धं पाण्यात अर्धं बाहेर असं जगणं अशक्य नाही, उलट त्यावर पोट भरतं, हे ती दाखवते.

आपल्या पूर्वजांच्या वाटेवरचा पुरावा दुसरीकडे आहे. साधारण ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मांसल परांचे मासे सापडत होते आणि ३६.५ कोटींच्या आसपासच्या खडकांत पाय असलेले प्राणी. मधलं काही असेल तर ते मधल्या वयाच्या, उथळ पाण्यात साचलेल्या खडकात मिळायला हवं, असा हिशेब करून जीवाश्मशास्त्रज्ञ नील शुबिन आणि सहकारी कॅनडाच्या उत्तरेला एल्समीअर बेटावर शोधत राहिले. २००४ मध्ये त्यांना ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या टिकटालिक या प्राण्याचा जीवाश्म मिळाला. खवले, कल्ले आणि पर माशाचे. पण डोकं चपटं, मान मोकळी, आणि परांच्या आत मनगटाच्या जागची हाडं. मला या शोधातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की आधी ठिकाण सांगितलं आणि मग तिथे खणलं. थिअरी म्हणजे नुसता अंदाज असता तर हे जमलं नसतं.

शास्त्रज्ञांचं आपसात एकमत नाही, असंही मेसेज म्हणतो. खरं आहे, अनेक बाबतींत नाही. पोलंडमध्ये टिकटालिकपेक्षाही जुन्या, चार पायांच्या प्राण्याच्या वाटणाऱ्या पाऊलखुणा २०१० मध्ये जाहीर झाल्या, तेव्हा जमिनीवर येणं नेमकं कधी सुरू झालं यावर वाद पेटला. वाद 'कधी' आणि 'कसं' यावर आहे. 'झालं की नाही' यावर नाही.

माणसाबद्दलचा पुरावा तर आपल्या प्रत्येक पेशीत आहे. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, आपल्यात २३. पूर्वज एक असेल तर एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडी हरवून जीव जगणार नाही. मग दोन गुणसूत्रं जोडली गेली असावीत, आणि तसं असेल तर सांधा दिसायला हवा. १९९१ मध्ये तो दिसला. गुणसूत्रांच्या टोकाशी जी विशिष्ट अक्षरमाला असते, ती आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या पोटात, एकमेकींकडे तोंड करून बसलेली आहे. माकडांसारखंच आपल्यालाही क जीवनसत्त्व अंगात बनवता येत नाही, ते बनवणारं जनुक आपल्यात मोडक्या अवस्थेत पडून आहे. म्हणून आवळा, लिंबू, पेरू खावा लागतो. कुत्र्या-मांजरांना लागत नाही.

मधल्या दुव्यांबद्दल फार लिहीत नाही. इथिओपियात १९७४ मध्ये सापडलेली ३२ लाख वर्षांपूर्वीची लुसी, म्हणजे माणसाच्या प्राचीन नातलगाचा सांगाडा, आहे. आपल्याकडे १९८२ मध्ये नर्मदाकाठी हथनोरा इथे अरुण सोनकिया यांना मिळालेली प्राचीन मानवी कवटी आहे. डार्विनने मरताना माघार घेतल्याची गोष्ट १९१५ मध्ये, म्हणजे तो गेल्यानंतर ३३ वर्षांनी, लेडी होप नावाच्या बाईच्या नावाने छापून आली. शेवटच्या दिवसांत त्याच्याजवळ असलेल्या मुलीने, हेन्रिएटाने, १९२२ मध्ये ती साफ नाकारली. आणि समजा त्याने माघार घेतली असती, तरी गुणसूत्रातला सांधा गेला असता का?

दशावताराबद्दल मात्र मला जपून आणि मनापासून बोलायचं आहे, कारण हा मुद्दा माझ्या घरातही प्रेमाने मांडला जातो. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम ऐकला की साम्य जाणवतं, ते मीही नाकारत नाही. पण मत्स्यावतार मनूला प्रलयातून तारायला आला, माशाचं कासव कसं झालं हे सांगायला नव्हे. नरसिंह प्रल्हादासाठी खांबातून प्रकटला. त्याला अर्धा सिंह अर्धा माणूस असा जीवशास्त्रातला टप्पा म्हणायचं, तर तसा प्राणी कधी नव्हता, आणि प्रल्हादाची भक्ती बाजूलाच राहते. आपल्या जुन्या पंचांगांत नववा अवतार म्हणून विठोबाचं चित्र असायचं. विटेवर उभा राहिलेला विठोबा कोणत्या जीवशास्त्रीय टप्प्यात बसवणार? अवतारकथा धर्म सांगतात, करुणा सांगतात. त्यांना डार्विनच्या दाखल्याची गरज नाही, आणि दाखला लावला तर उद्या विज्ञानातला तपशील बदलल्यावर अवतारही बदलायचे का, हा प्रश्न उभा राहतो.

आता ते शेवटचं वाक्य. गेल्या वर्षी धडा संपल्यावर एका मुलाने दप्तर भरता भरता हळूच विचारलं, "मॅडम, पेपरात हे लिहिलं तर देवाला चालेल ना?" त्याला तो मेसेज घरी वाचून दाखवला होता. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनावर हे ओझं टाकायचा अधिकार कुणाला नाही.

देव मानणाऱ्यांनीच हे शास्त्र मोठं केलं, याची उदाहरणं कमी नाहीत. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठातला साधू होता. डार्विनच्या बाजूने अमेरिकेत ठाम उभा राहिलेला वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होता. विसाव्या शतकात उत्क्रांती आणि जनुकशास्त्राची सांगड घालणारा डोबझान्स्कीही श्रद्धावान होता. स्वतः डार्विनची श्रद्धा पुढे उरली नाही, पण १८७९ च्या एका पत्रात त्याने लिहिलं, की माणूस उत्कट ईश्वरवादी आणि उत्क्रांतिवादी दोन्ही असू शकतो, यात शंका घेणंच हास्यास्पद आहे. ठाण्यातल्या आपल्या कॅथलिक शेजाऱ्यांचे धर्मगुरू पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्येच उत्क्रांतीला निव्वळ तर्कापेक्षा अधिक मानलं. आणि आपल्याकडे लोकमान्य टिळक: मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्यात त्यांनी कपिलांच्या सांख्य तत्त्वज्ञानाशेजारी डार्विन आणि जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल मांडले. हेकेलचा निव्वळ जडवाद त्यांनी मानला नाही, पण उत्क्रांतीमुळे गीता धोक्यात येते असंही त्यांना वाटलं नाही.

संघर्ष कुठेच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. प्रत्येक प्राणी वेगळा आणि आहे तसाच घडवला, असं ज्याचं म्हणणं आहे, त्याला पुराव्यासमोर ते सोडावं लागेल. उलट बाजूने, उत्क्रांती खरी म्हणून देव नाही, असं सांगणाराही विज्ञानाच्या नावावर विज्ञानाबाहेरचं बोलतो. जीव कसे बदलले हे जीवाश्म आणि जनुकं सांगतात. हे सगळं मुळात का आहे, याचं उत्तर त्यांत मिळत नाही.

श्रद्धावानाला खरोखर अस्वस्थ करणारा प्रश्न माकडाचा नाहीच. तो दुःखाचा आहे. नैसर्गिक निवडीच्या, म्हणजे तगेल तो उरेल अशा, या वाटेवर असंख्य जीव उपाशी मरतात, खाल्ले जातात, पिलं जगत नाहीत. डार्विनची लाडकी ॲनी १८५१ मध्ये दहाव्या वर्षी गेली. पुढे १८६० मध्ये त्याने एसा ग्रेला लिहिलं, की जिवंत अळीचं शरीर आतून खाणारी गांधीलमाशी दयाळू देवाने मुद्दाम घडवली असेल हे मला पटत नाही. ग्रेची श्रद्धा तरीही टिकली, दोघांची मैत्रीही टिकली. हा प्रश्न डार्विनच्या कितीतरी आधीपासून आपल्या घराघरांत विचारला गेला आहे, लेकरू गमावलेल्या प्रत्येक आईने तो देवासमोर बसून विचारला आहे. ज्या पालकांना मुलांशी श्रद्धेबद्दल बोलायचं आहे त्यांनी यावर बोलावं. माझ्याकडेही त्याचं तयार उत्तर नाही, तरी माझी पूजा चालू आहे.

त्या मुलाला मी सांगितलं, बिनधास्त लिही, आकृतीला नावं द्यायला विसरू नकोस.