शार्कची कातडी आणि पोहण्याचा पोशाख : एक खुलासा

‘शार्कच्या कातडीची नक्कल केलेला पोशाख घालून मायकेल फेल्प्सने 2008 मध्ये 8 सुवर्णपदकं जिंकली, म्हणून त्या पोशाखावर बंदी आली,’ असा संदेश फिरतो आहे. यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

शार्कवरून प्रेरणा घेतल्याची जाहिरात झाली ती स्पीडो कंपनीच्या ‘फास्टस्किन’ या पोहण्याच्या पोशाखाची, 2000 च्या सिडनी ऑलिंपिकच्या वेळी. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमधला स्पीडोचाच ‘एलझेडआर रेसर’ त्यानंतरचा. त्यावर पॉलीयुरेथेन या प्लास्टिकसारख्या पदार्थाचे पट्टे होते आणि तो अंग घट्ट आवळून धरायचा. 2010 पासून बंदी आली ती न विणलेलं साहित्य वापरलेल्या आणि अंगभर पोशाखांवर. शार्कचा त्यात संबंध नाही.

मग शार्कच्या कातडीमुळे खरंच वेग वाढतो का? हार्वर्ड विद्यापीठातले संशोधक जॉर्ज लॉडर आणि योहानेस ओफ्नर यांनी 2012 मध्ये ते तपासलं. सूक्ष्मदर्शकाखाली शार्कच्या अंगावर दातांसारखे बारीक, टोकदार खवले दिसतात. फास्टस्किनच्या कापडावर तसं काहीच नव्हतं. खऱ्या कातडीची लवचीक पट्टी करून ती पाण्यात यंत्राने हलवली, तेव्हा खवले घासून काढलेल्या कातडीपेक्षा तिचा वेग सरासरी सुमारे 12 टक्के जास्त भरला. पट्टी ताठ असताना मात्र हा फायदा दिसला नाही, आणि मला हीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते: खवल्यांची करामत वळणाऱ्या अंगावरच चालते. पाण्यात सूक्ष्म कण सोडून, त्यांवर लेझर टाकून काढलेल्या चित्रणात खवल्यांमुळे भोवऱ्यांची जागा बदललेली दिसली. म्हणजे खवले पाण्याचा अडथळा कमी करण्याबरोबरच पुढे ढकलायलाही मदत करत असावेत, असं या संशोधकांचं म्हणणं आहे.