शोरीलमध्ये ड्रॅगन हवाच

अ‍ॅनिमेशनचा कोर्स संपला, सर्टिफिकेट लॅमिनेट झालं, वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोही पडला. अभिनंदन. मुंबई-पुण्याचे स्टुडिओ आता दार उघडं टाकून तुमचीच वाट बघतायत, फक्त त्यांना तुमचा पत्ता ठाऊक नाही. तो कसा कळवायचा ते सांगतो. फी घेणार नाही. फी तुम्ही आधीच भरली आहे, बाबांच्या दोन हंगामांच्या काजूची.

पहिलं काम शोरीलचं, म्हणजे स्टुडिओला दाखवायच्या तुमच्या निवडक कामाच्या व्हिडिओचं. ते पाच मिनिटांचं करा. नवख्याने एका मिनिटात आटपावं, सगळ्यात चांगला शॉट पहिला ठेवावा, असं सांगणारे लोक भेटतील. त्यांच्या पोटात दुखतंय असं समजा. समोरचा लीड, म्हणजे टीमचा प्रमुख, कामाच्या गडबडीत पहिल्या काही सेकंदांतच मत बनवतो, हे खरं आहे. म्हणून तर त्या सेकंदांत तुमचं नाव ठिणग्या उडवत, गिरक्या घेत यायला हवं. नावामागून इन्स्टिट्यूटचा लोगो, लोगोमागून टेबल, टेबलावर सफरचंद. हे सफरचंद तुमच्या आधीच्या बॅचनेही केलं होतं आणि पुढचीही करणार आहे. चांगला शॉट अगदी शेवटी ठेवा. सोलकढी नाही का शेवटी येत?

आणि रीलमध्ये सगळं असू द्या. थोडं मॉडेलिंग, थोडं रिगिंग, चिमूटभर लायटिंग, वर कंपोझिटिंगची फोडणी. स्टुडिओतली ज्युनियरची जागा एकाच कामाची असते. कुणी दिवसभर रोटो करतो, म्हणजे फ्रेममागून फ्रेम माणसाची कड कापत बसतो, कुणी क्लीनअप करतो, म्हणजे फ्रेममधल्या नको त्या गोष्टी पुसतो, कुणी नुसतं मॅचमूव्ह, म्हणजे खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल कॉम्प्युटरमध्ये जुळवतो. पण तुम्ही अर्जात ‘एनी पोस्ट’ लिहा. कोणत्या टेबलावर बसवायचं याचा विचार त्यांनी करावा, पगार त्याचाच घेतात ना?

ग्रुप प्रोजेक्टमधला रोबोटही घाला. पाच जणांनी मिळून केला होता; तुमच्या वाट्याला डाव्या पायाचं टेक्श्चर आलं होतं. तसं लिहायचं नाही. बाकीचे चौघंही लिहिणार नाहीत. पाच रीलं एकाच स्टुडिओत, एकाच आठवड्यात पोचतील. रोबोट एक, बाप पाच. बघणाऱ्याची तेवढीच करमणूक.

आता ड्रॅगन. ड्रॅगनशिवाय रील म्हणजे नारळाशिवाय आमटी. तुम्ही ड्रॅगन कुठे पाहिलाय, असले प्रश्न विचारू नयेत. कुणीच पाहिलेला नाही, म्हणून कुणी चूक काढू शकत नाही, हाच तर त्यातला फायदा. उलट जे रोज डोळ्यांसमोर होतं ते रीलमध्ये चुकूनही आणू नका. पकडले जाल.

उदाहरणार्थ रापण. पहाटे किनाऱ्यावर जाळं ओढणारी ती माणसांची रांग लहानपणापासून तुमच्या बघण्यात आहे. आधी टाचा वाळूत रुततात. मग गुडघे वाकतात, कंबर मागे जाते, खांदे तिच्या मागून, आणि डोकं सगळ्यात शेवटी. तोवर दोरी हललेलीसुद्धा नसते. मग सगळ्यांचा जोर एकदम लागतो, दोरी हातभर येते आणि रांगेतला शेवटचा म्हातारा तोल जाऊन दोन पावलं मागे सरकतो. वजन कसं दाखवायचं हे शिकवायला सरांनी पूर्ण महिना घेतला होता, दगड ढकलणाऱ्या टकल्या बाहुल्यावर. टकल्याचा दगड शेवटपर्यंत थर्मोकोलचाच वाटला. रापणीच्या त्या दोन सेकंदांच्या ४८ फ्रेम एखाद्याने नीट काढल्या तर समोरचा खुर्चीत सरळ होऊन बसेल, आणि मग उगाच फोन वगैरे येईल. कशाला?

तीच गोष्ट दशावताराची. जत्रेच्या रात्री संकासुर कसा फिरतो, कुठे थबकतो, पोरांच्या अंगावर कसा धावून जातो, हे तुम्हाला झोपेतही येतं. वॉक सायकल, म्हणजे पात्राची चाल, मात्र इंटरनेटवरून उतरवलेल्या फुकट रिगवर, म्हणजे आयत्या डिजिटल बाहुल्यावर करा, म्हणजे देशभरातल्या हजार पोरांसारखी होईल. चित्रकथीचं तर नावच काढू नका. चित्रामागून चित्र समोर धरून गोष्ट गाऊन सांगायची, याला स्टुडिओत स्टोरीबोर्ड सांगणं म्हणतात आणि त्याचा पगार देतात. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये याच चित्रकथी आणि कळसूत्रीच्या कामासाठी पद्मश्री मिळाली. दिल्लीपर्यंत बातमी पोचली, कुडाळपासून हाकेच्या अंतरावर असून तुम्ही अनभिज्ञ राहिलात. हे जमायलाही अंगात काहीतरी लागतं.

बायोडेटात गणपतीच्या शाळेचा उल्लेख करू नका. चार पावसाळे माती मळलीत, पाचव्या वर्षी नानांनी डोळ्यांच्या आखणीला बसवलं, हात थरथरला नाही. असल्या गावठी गोष्टींपेक्षा ‘हॉबी: लिसनिंग म्युझिक’ बरी दिसते.

मेल एकच लिहा आणि चाळीस स्टुडिओंना एकदम पाठवा, सगळ्यांना सगळ्यांचे पत्ते दिसतील असा. ‘रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम’ लिहिलं की कुणाचं नाव शोधायची गरज उरत नाही. जीमेल २५ एमबीच्या वरची फाइल जोडू देत नाही, तेव्हा ड्राइव्हची लिंक द्या आणि ती कुलूपबंद ठेवा. हे मी स्वतः करून पाहिलंय. एका स्टुडिओतल्या बाईंनी त्याच दुपारी लिंक उघडायची परवानगी मागितली होती. मी वाडीत. आमच्याकडे रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर मिळते, आणि पाऊस असा लागला होता की आठवडाभर सड्यावर गेलोच नाही. गेलो तेव्हा परवानगी दिली. जागा भरली होती. बाईंनी तसं कळवण्याचं सौजन्य दाखवलं, यावर माझा अजून राग आहे.

स्टुडिओने टेस्ट दिली तर मित्राकडून करून घ्या. पहिल्या दिवशी मित्रालाच बसवा.

उत्तर आलं नाही तर तो खानदानाचा अपमान समजा. प्रोजेक्ट आलं की स्टुडिओ माणसं घेतात, संपलं की हात आखडतात; आज ‘नाही’ म्हणणारा तीन महिन्यांनी दहा जण शोधत असतो. पण म्हणून तीन महिन्यांनी एक नवा शॉट जोडून, त्याच माणसाला, चार ओळींत पुन्हा लिहायचं? लाचारी झाली ती. त्यापेक्षा रोज सकाळी रिसेप्शनला फोन करा आणि रात्री ‘सगळं वशिल्यावर चालतं’ असं स्टेटस ठेवा. तिसऱ्या दिवशी तुतारी एक्स्प्रेस पकडून दादरला उतरा आणि मेल न करता थेट गोरेगावच्या गेटवर उभे राहा. वॉचमन सिंधुदुर्गातला निघाला तर पाणी विचारील.

तोवर घरीच असाल. पहाटे किनाऱ्यावरून हाक येईल, “ए बाबू, जरा दोरीक हात लाव रे!” खिडकीतूनच ओरडा की रेंडर लावलंय. पडदा ओढून घ्या आणि परत ड्रॅगनकडे वळा. गेले दोन महिने तो उडतोय खरा, पण त्याला काही केल्या वजन येत नाहीये.