जखमी नंबर सात

आज सकाळी नागपूर शहरातल्या एका गर्दीच्या ठिकाणी अतिरेकी हल्ल्याची मॉक ड्रिल झाली. ठिकाण आणि खातं मुद्दाम लिहीत नाही, कारण हे सगळीकडे असंच होतं. कॉलेजातली पोरं जखमी म्हणून रस्त्यावर झोपवली होती, गळ्यात नंबराचे पुठ्ठे. सात नंबरच्या पोराच्या मांडीला लाल रंग लावलेला, म्हणजे मांडीतली मोठी धमनी फुटलेली. सायरन वाजला, दोर बांधला, बंदूकधारी जवान धावत आत गेले, फोटो झाले. सात नंबर बावीस मिनिटं डांबरावर तसाच पडून.

मांडीची धमनी फुटली तर तीन ते पाच मिनिटांत जीव जाऊ शकतो. मग उरलेली सतरा मिनिटं सराव नेमका कोणाला वाचवायचा चालला होता?

बावीस मिनिटं का लागली ते सांगतो. पहिली ॲम्ब्युलन्स थेट दोरापाशी आली. तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे अग्निशमनची गाडी, शेवटी साहेबांच्या गाड्या. पेशंट पहिल्या गाडीत चढला तेव्हा बाहेर पडायला वाटच नव्हती. एका गाडीचा ड्रायव्हर चावी खिशात घालून बघायला गेलेला. खऱ्या हल्ल्यातही गाड्या अशाच अडकतात. उपाय साधा आहे. आत यायचा रस्ता एक, बाहेर जायचा वेगळा. गाड्या लांब थांबवायच्या, तोंड बाहेरच्या दिशेला, ड्रायव्हर सीटवरच. वायरलेसवर एकच माणूस एकेक गाडी बोलावणार. बर्डी, इतवारी, गोकुळपेठ, प्रत्येक बाजारासाठी हा नकाशा आधीच काढून ठाण्यात लावता येतो. इतवारीच्या गल्ल्यांत तर ॲम्ब्युलन्स शिरणारच नाही, तिथे चौघांनी चादरीत उचलून कोणत्या नाक्यावर आणायचं हे ठरलेलं हवं. 11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकलमध्ये 11 मिनिटांत 7 स्फोट झाले, तेव्हा आसपासच्या वस्तीतल्या लोकांनी घरच्या चादरी आणून माणसं उचलली. ती चादर आराखड्यात लिहा ना!

पोलीस काहीच करत नाहीत असं मी म्हणणार नाही. 1 जून 2006 ला पहाटे महाल भागात संघ मुख्यालयावर चालून आलेले तिघं नागपूर पोलिसांनी तिथेच संपवले. पोलिसांच्या वेशात, लाल दिव्याच्या ॲम्बेसेडरमधून आले होते ते. मानलंच पाहिजे. पण गोळीबार थांबल्यावरचं काम वेगळं असतं, आणि त्याची तालीम होत नाही.

पुन्हा त्या पोराच्या मांडीकडे येतो. तिथे काय करायला हवं होतं? ओढणी किंवा गमछा घ्या, दोन इंच रुंद घडी करा. जखमेच्या दोन-तीन इंच वर, कमरेच्या बाजूला गुंडाळा, गुडघ्यावर नाही. अर्धी गाठ, तिच्यावर जाड काठी किंवा पाना, मग पूर्ण गाठ. रक्त पूर्ण थांबेपर्यंत पीळ द्या, काठी बांधून टाका आणि वेळ कपाळावर पेनाने लिहा. माणूस ओरडेल, खूप दुखतं. तरी सैल करायचं नाही, ते काम डॉक्टरचं. सुतळी किंवा नाडा बांधू नका, तो मांसात रुततो. आणि अर्धवट आवळलं तर वरवरच्या शिरा बंद होतात, धमनी चालूच राहते, म्हणजे रक्त उलट जास्त जातं. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. जांघेत किंवा काखेत जखम असेल तर बांधता येत नाही, तिथे कापड खोल कोंबून अंगाचा सगळा भार देऊन दाबायचं.

आता दवाखान्याचं बघा. स्टेशनपाशी काही झालं तर सगळे मेयो या सरकारी दवाखान्याकडे धावणार, जवळ आहे म्हणून. आधी पोचतात ते चालू शकणारे, ऑटोतून, दुचाकीवरून. खाटा त्यांनीच भरतात आणि सात नंबर शेवटी येतो. म्हणून जागेवरच वर्गवारी लागते, माणशी अर्धा मिनिट. चालतो तो हिरवा. श्वास मिनिटाला तीसच्या वर, मनगटाची नाडी लागत नाही किंवा सांगितलेलं कळत नाही, तो लाल. लाल आधी, आणि हिरव्यांना बस करून लांबच्या दवाखान्यात. रक्तदानालाही लगेच गर्दी करू नका राजेहो, त्या दिवशी दिलेलं रक्त तपासणी होईपर्यंत चढवता येत नाही. त्या रात्री कामी येतं ते आधीच पेढीत असलेलं.

आज बघे दोराला चिकटून मोबाईल धरून उभे होते. दुसरा बॉम्ब बहुतेक वेळा याच गर्दीसाठी ठेवलेला असतो. संशयित बॅग सुटकेसएवढी असेल तर उघड्यावर अर्धा किलोमीटर लांब जायला हवं, काचांच्या इमारतीखाली तर मुळीच थांबायचं नाही. आणि 26/11 ला चॅनलवरचं थेट चित्रण बघून पाकिस्तानात बसलेले लोक आतल्यांना फोनवर सूचना देत होते. 2015 पासून चॅनलवाल्यांना अशा कारवाईचं थेट चित्रण बंद आहे. आपल्या फेसबुक लाइव्हचं काय?

राग याचा जास्त येतो की हे सगळं शिकवणारी देशाची केंद्रं इथेच आहेत. अग्निशमनाचं राष्ट्रीय महाविद्यालय नागपुरात, नागरी संरक्षणाचंही 1957 मध्ये नागपुरातच सुरू झालं, पुढे ते राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या इथल्याच अकादमीत विलीन झालं. देशभरातून माणसं इथे शिकायला येतात आणि आपल्या बीटवरच्या शिपायाच्या डिक्कीत साधी पट्टी नाही.

एक सांगायचं राहिलं. सुरुवातीलाच एक महिला शिपाई त्या पोरापाशी वाकली होती. मांडीवर हात ठेवला, इकडेतिकडे बघितलं, काहीतरी शोधत होती. तेवढ्यात हाक आली, दोर धर. ती गेली. तिला बरोबर सुचलं होतं. तिच्या कमरेच्या पट्ट्याला दोन टूर्निकेट (रक्त थांबवायला आवळायचे तयार पट्टे), चार दाबपट्ट्या आणि एक मार्कर लावा, दोन तासांचं प्रशिक्षण द्या. पुढची ड्रिल न सांगता घ्या, संध्याकाळी सहाला, बाजार भरलेला असताना. आणि घड्याळ सात नंबरच्या मांडीवर पट्टी आवळली की थांबवा, साहेब आल्यावर नव्हे.