गायीची वाट, शेळीची वाट

रविवारी सकाळी साडेपाचला भाच्याचा फोन आला तेव्हा ताप आलाय असं सांगायला पाहिजे होतं, पण झोपेत हो म्हणून बसलो. त्याच्याच नादाने गेल्या महिन्यात गिअरची एमटीबी, म्हणजे डोंगरात चालवायची सायकल घेतलेली, किंमत बायकोला अर्धीच सांगितलेली, आणि तोपर्यंत ती फक्त दोनदा दूध आणायला गेलेली, तेही मुलगा घेऊन गेलेला.

"मामा, गिरणाऱ्याच्या पुढे कसले भारी ट्रेल आहेत, अख्खं नेटवर्क आहे!" गिरणारं म्हणजे नाशिकजवळचं गाव, आणि ट्रेल म्हणजे सायकलने जायच्या डोंगरवाटा. हा दिवसभर परदेशातले व्हिडिओ बघतो. तिकडे म्हणे डोंगरातल्या वाटांना रंग असतात, हिरवी सोपी, निळी मध्यम, काळ्या चौकटीची अवघड. वर पटवायला महाजन बंधू आहेतच. नाशकात कुणाला सायकलवर बसवायचं असलं की त्यांचं नाव निघतंच, दोघं डॉक्टर भाऊ २०१५ ला 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत ९ दिवसांच्या आत पूर्ण करून आले, साधारण ४८०० किलोमीटर. म्हणलं अरे बाबा, ते डांबरी रस्त्याने गेले होते.

निघण्याआधी मी दोन्ही चाकांत पंपाने दगडासारखी टणक हवा भरली, आमच्या वडिलांची शिकवण. भाच्याने बघितलं आणि निम्मी सोडून दिली. दगडधोंड्यात टायर थोडं मऊ असलं की जमीन धरतं म्हणे, टणक टायर नुसतं उड्या मारतं. वीस मिनिटं पंप मारलेला होता हो मी!

गंगापूर रोडला मिसळीचे बोर्ड दिसले, भाचा म्हणाला येताना. गिरणारं मागे पडलं, डांबर सोडून आत वळलो आणि भाच्याचं ट्रेलचं नेटवर्क सुरू झालं. बोर्ड नाही, रंग नाही, करवंदीच्या जाळ्यांमधून हातभर रुंद वाट आणि त्यावर ताजं शेण. पहिल्याच चढाला गिअर कितीही खाली आणला तरी पाय फिरेनात, मग उतरलो, मग ढकलली, मग दगड एवढे मोठे आले की सरळ खांद्यावर घेतली. वरून एक बाबा गुरं घेऊन उतरत होते.

"पंचर हाये का?"

"नाही, चढ आहे."

"मंग सायकल कशाला आणली?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पण त्यांनीच मग नीट समजावून सांगितलं. डोंगराला वळसा घालत तिरकी जाते ती गायीची वाट, सरळ वर चढते ती शेळीची, आणि तुम्ही शेळीच्या वाटेला लागलाय. म्हणजे काळी चौकट. हे रंगाबिंगापेक्षा किती सोपं आहे!

वर पोचेपर्यंत मागच्या चाकाची उरलेली हवापण गेली. सराटा. हा काटा बघण्यासारखा असतो, कसाही पडला तरी एक टोक वरच. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट फिरवलं तर दुसरा सापडला, बोटातच.

मग उतार. भाचा ओरडत होता, "सीट खाली कर, बूड मागे, नजर लांब, ब्रेकला दोनच बोटं!" पुढचाच ब्रेक करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो हे त्याने इतक्या वेळा सांगितलेलं की मी जीव मुठीत धरून मागे सरकलो, अजून मागे, एवढा मागे की सायकल संपली. मी शेणात बसलेलो आणि ती एकटीच झोकात खाली चाललेली, एक वळण तर तिने माझ्यापेक्षा चांगलं घेतलं, आणि शेवटी करवंदीत शिरली.

मोबाईल हँडललाच लावलेला होता. मिसळीवर भाच्याने अॅप उघडलं आणि टेबलावर हात आपटला. "मामा! शेवटच्या उतारावर २७ चा स्पीड! माझापण एवढा नाही आला!"

मी पापड मोडला आणि म्हणलं, "जमतं रे हळूहळू."